रोखा आणि रयत : शिरूर-भीमथडीच्या इतिहासातील एक धडा

शिरूर तालुक्याचे नाव निघाले की वढू बुद्रुक येथील छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीचे स्मरण होते. दौंडचे नाव निघाले की भीमेच्या काठचे रेल्वेचे मोठे जंक्शन डोळ्यांपुढे येते. परंतु याच मुलखात १८७४-७५ साली असा एक झगडा झाला की, ज्यात गढी किंवा ठाणे काबीज करावयाचे नव्हते, खजिना लुटावयाचा नव्हता. हस्तगत करावयाचे होते ते केवळ कागद. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे, खाती आणि हुकूमनामे बाहेर काढले व भर चावडीपुढे त्यांची होळी केली. इतिहासकार या घटनेला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबांची मुळे या दोन नद्यांच्या काठी आहेत. तेव्हा या वार्षिक स्मरणिकेच्या निमित्ताने त्या घटनेची हकीकत ज्ञातिबांधव व भगिनी यांच्यापुढे थोडी विस्ताराने ठेवावी, असे आम्हांस वाटले. कारण तीत आजच्या संसारी माणसाला लागू पडणारा एक धडा आहे, आणि तो सही करण्यापूर्वी कागद समजून घेण्याचा आहे.

पूर्वीची रीत

पेशवाईत सावकारी नव्हती असे नाही. शेतकरी तेव्हाही कर्ज काढी, बियाण्यासाठी, बैलासाठी, लग्नकार्यासाठी. परंतु त्या काळी सावकाराच्या हातात दिवाणी न्यायालय नव्हते. कर्ज वसूल करावयाचे तर त्याला गावच्या पाटलाची, पंचांची आणि लोकमताची मर्जी राखावी लागे. शिवाय धर्मशास्त्राचा दामदुपटीचा नियम होता. व्याज कितीही साचले तरी एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज मागता येत नसे. म्हणजे १०० रुपयांच्या कर्जाचे फार तर २०० रुपये. शेतकऱ्याला वाचता येत नव्हते हे खरेच; पण कागदावर काय लिहिले आहे यापेक्षा गावाला काय ठाऊक आहे याला तेव्हा अधिक वजन होते.

इंग्रजी अंमलात हे पारडे फिरले. १८३६ पासून इंदापूर येथे आरंभ करून गोल्डस्मिड व विंगेट यांच्या पाहणीने रयतवारीचा धारा बसविला गेला. जमिनीवर शेतकऱ्याचा कायम हक्क मान्य झाला, तो विकता येऊ लागला आणि म्हणूनच तो गहाणही टाकता येऊ लागला. १८५५ साली व्याजाच्या दरावरील कायद्याची बंधने उठविली गेली. १८५९ साली दिवाणी कामकाजाची नवी संहिता आली. आता न्यायाधीशापुढे गावाची साक्ष नव्हे, तर कागदाची साक्ष मोठी ठरू लागली. रोख्यावर ज्याची निशाणी, त्याचे देणे. रोख रक्कम खरोखर किती हाती पडली, मागे किती फेडली, याची चौकशी करण्याची रीत जवळजवळ उरली नाही. पुष्कळ दावे एकतर्फी निकालात निघत. तालुक्याच्या गावी तारखेला जाणे शेतकऱ्याला परवडत नसे, आणि गेला तरी आपल्या निशाणीपुढे तो काय बोलणार?

ही निशाणी म्हणजे काय, हे आजच्या तरुण वाचकांस सांगितले पाहिजे. ज्याला अक्षर येत नसे त्याच्या नावापुढे लेखक त्याच्या धंद्याचे चिन्ह काढी. कुणब्याची निशाणी नांगर, तशी कारागिराची त्याच्या हत्याराची. आपल्या पूर्वजांच्या जुन्या खतांवर अशा निशाण्या आढळतात. ज्या हाताने नांगर धरला त्याच हाताच्या नांगराच्या चित्राने शेत गेले, अशी ही विपरीत गोष्ट आहे.

रोखा कसा वाढे

१८५९ च्याच मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावर दावा लावण्यास तीन वर्षांची मर्यादा घातली गेली. सरकारचा हेतू चांगला होता. दावा लवकर लावावा लागला म्हणजे व्याज फार साचणार नाही, असा तो हिशेब होता. परंतु घडले नेमके उलट. तीन वर्षे संपत आली की सावकार शेतकऱ्याला बोलावी व म्हणे, 'फिर्याद करू की रोखा बदलून देतोस?' शेतकरी रोखा बदलून देई. नव्या रोख्यात मागील मुद्दल व व्याज मिळून एकच मुद्दल होई, आणि त्यावर पुन्हा व्याज सुरू होई. अशा रीतीने दामदुपटीचा नियमही हातातून निसटला; कारण कालचे व्याज आजच्या कागदात मुद्दल म्हणून बसले की त्यावर दुसरी दामदुप्पट सुरू झालीच.

चौकशी आयोगापुढे आलेल्या एका रयतेच्या अर्जात शेकडा दरमहा ३ रुपये २ आणे या दराचे उदाहरण दिलेले आहे. त्याच दराने आपण हिशेब करून पाहू. १०० रुपयांवर वर्षाचे व्याज ३७ रुपये ८ आणे. तीन वर्षांनी देणे झाले २१२ रुपये ८ आणे. रोखा बदलला. आणखी तीन वर्षांनी ४५१ रुपये ९ आणे. पुन्हा बदलला. नऊ वर्षांअखेर ९५९ रुपये ९ आणे. चौथा रोखा संपला तेव्हा, म्हणजे बारा वर्षांनी, देणे २,०३९ रुपयांवर गेले. हेच कर्ज एकाच रोख्यावर बारा वर्षे राहिले असते तर त्याच जबर दराने सरळ व्याजासह ५५० रुपये झाले असते. आणि जुन्या दामदुपटीने २०० रुपयांपुढे गेलेच नसते. दर तोच, मुद्दल तेच, माणूस तोच. २०० चे २,०३९ झाले ते केवळ चार वेळा उठविलेल्या निशाणीने. शेतकऱ्याने प्रत्येक वेळी 'जुनेच कर्ज पुढे चालविले' असे मानले. कागदाने मात्र प्रत्येक वेळी नवे कर्ज मांडले होते. यातच सारे आले.

आयोगाच्या कागदपत्रांत १८७३ च्या नोव्हेंबरातील एक भाडेचिठ्ठीही आहे. एका शेतकऱ्याने कर्जापोटी लोखंडी आसाच्या आपल्या दोन गाड्या व चार बैल सावकाराला विकले, आणि तेच बैल व त्याच गाड्या दरमहा भाड्याने परत घेतल्या. गोठ्यातून बैल हलला नाही, अंगणातून गाडी हलली नाही. मालक मात्र भाडेकरू झाला. आणखी त्याने असे लिहून दिले की, प्रत्येक भाड्याची पावती मी तुमच्या हस्ताक्षराची घेईन, आणि पावती नसेल तर भाडे दिले असे म्हणणार नाही. पावती देणे सावकाराच्या हाती, आणि ती नसल्याची शिक्षा शेतकऱ्याला! हे एक वाक्य जर कोणी त्याला निशाणीपूर्वी सावकाश वाचून दाखविले असते आणि त्याचा अर्थ सांगितला असता, तर तो तेथेच थबकला असता, असे आम्हांस वाटते.

संकटाची परिस्थिती

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. शेतकरी केवळ अडाणी होता म्हणून फसला, असे म्हणणे अपुरे आहे. तो अडलेला होता. १८५८ ते १८६० च्या सुमारास पुण्याहून भीमथडीतून सोलापुराकडे लोहमार्ग गेला. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून कापसाला सोन्याचे मोल आले. पैसा खेळू लागला व सावकारही सढळ हाताने देऊ लागले. १८६५ साली ते युद्ध संपताच भाव कोसळले. नेमक्या याच सुमारास तीस वर्षांच्या जुन्या धाऱ्याची मुदत संपून फेरपाहणी सुरू झाली. १८६७ साली इंदापुरात व मागोमाग भीमथडी वगैरे तालुक्यांत सारा चढला. उत्पन्न उतरले आणि देणे वाढले. साऱ्याचा हप्ता ठरल्या तारखेला भरावा लागे. पाऊस मात्र ठरल्या तारखेला येत नसे. अशा वेळी ज्याच्या दारात उभे राहावयाचे त्याचा कागद कोण वाचणार? गरजेच्या वेळी माणूस रक्कम पाहतो, अटी पाहत नाही. ही मनुष्यस्वभावाची गोष्ट आहे; ती त्या काळी जितकी खरी होती तितकीच आजही आहे.

करडे आणि सुपे

शिरूर तालुक्यातील करडे या गावी १८७४ च्या डिसेंबरात ठिणगी पडली. तेथील बाबासाहेब देशमुख हे प्रतिष्ठित कुळातील गृहस्थ कर्जात बुडालेले होते. कालूराम नावाच्या सावकाराने दीडशे रुपयांच्या पायी न्यायालयाचा हुकूमनामा मिळविला आणि देशमुखांचे राहते घर पाडले. गावच्या देशमुखाचे घर डोळ्यांदेखत जमीनदोस्त झालेले पाहून लोक हादरले. जे आज देशमुखांचे झाले ते उद्या आपले होणार, हे उमगण्यास अक्षरओळख लागत नव्हती.

गावाने प्रथम हत्यार उचलले ते बहिष्काराचे. सावकाराचे शेत कोणी करावयाचे नाही, त्याची हजामत करावयाची नाही, त्याचे पाणी भरावयाचे नाही, त्याच्या दुकानी जावयाचे नाही. ही चळवळ गावोगाव पसरली, आणि विशेष ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की काही ठिकाणी गावकऱ्यांनी हा ठराव लेखी केला. इंदापूर तालुक्यातील कळस गावच्या लोकांचे असे एकीचे करारपत्र आयोगाच्या कागदपत्रांत आढळते. ज्या कागदाने त्यांना बांधले होते, त्या कागदाचे बळ त्यांनी ओळखले होते. फरक इतकाच की, हा करार त्यांनी स्वतः ठरविला, स्वतः ऐकला आणि त्यातील प्रत्येक अट त्यांना ठाऊक होती.

बहिष्काराने काम भागेना. दि. १२ मे १८७५ रोजी तत्कालीन भीमथडी तालुक्यातील सुपे या गावी बाजारच्या दिवशी जमलेल्या लोकांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. जुना भीमथडी तालुका म्हणजे आजच्या दौंड व बारामती या तालुक्यांचा बराचसा मुलूख. सुपे आज बारामती तालुक्यात मोडते. एक-दोन दिवसांत लोण भीमथडीतील इतर गावांत गेले, शिरूर, इंदापूर, हवेली, पुरंदर या तालुक्यांत पोहोचले, आणि घोड नदी ओलांडून अहमदनगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे या बाजूला पसरले. तीसहून अधिक गावांत दंगे झाले. लष्कराची मदत घ्यावी लागली. ९०० हून अधिक लोक पकडले गेले व त्यांतील निम्म्यांहून अधिकांना शिक्षा झाल्या.

या दंग्यांचे विशेष असे की, लोक मागत होते ते कागद. जेथे सावकाराने रोखे मुकाट्याने काढून दिले तेथे बहुधा त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. जेथे त्याने ते दडविले तेथे घराला आग लागली. हल्ला झाला तो मुख्यत्वे मारवाडी व गुजर सावकारांवर; तोच धंदा करणाऱ्या स्थानिक सावकारांना बहुतेक ठिकाणी लोकांनी हात लावला नाही. यावरून एखाद्या ज्ञातीला दोष देण्याचा मोह कोणास होईल, तर तो टाळावा. बोरू कोणत्याही ज्ञातीच्या हातात असो, न वाचलेल्या कागदाने होणारे नुकसान सारखेच असते. ज्ञातीज्ञातींतील वैर हा या इतिहासाचा बोध नव्हे.

कागद जाळून काय झाले? काही रोखे नष्ट झाले, हे खरे. पण त्याबरोबर गावाची पतही जळाली. सावकारांनी हात आखडला, आणि पुढच्याच वर्षी, १८७६ साली, दख्खनवर भयंकर दुष्काळ कोसळला. आगीने रोखा नाहीसा होतो. रोख्याची गरज नाहीशी होत नाही.

१८७९ चा कायदा

सरकारने नेमलेल्या आयोगाने सर्व प्रकरणांची चौकशी केली, आणि तिच्यातून १८७९ चा १७ वा कायदा, म्हणजे दख्खन शेतकरी साहाय्य कायदा, जन्मास आला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. कर्जापायी शेतकऱ्यास अटक करण्याची चाल त्याने बंद केली. जी जमीन स्पष्टपणे गहाण लिहून दिलेली नाही ती साध्या कर्जासाठी जप्त करता येणार नाही, असे ठरविले. न्यायाधीशाने केवळ शेवटच्या रोख्यावर न थांबता मूळ व्यवहारापासून इतिहास तपासावा, मुद्दल व व्याज निरनिराळे मांडावे, असा दंडक घातला. १८८१ साली माधवराव रानडे यांची याच कायद्याच्या कामावर साहाय्यक विशेष न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली, आणि गावोगाव फिरून त्यांनी खालच्या न्यायालयांचे काम तपासले.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने या कायद्याचे सर्वांत मोलाचे प्रकरण निराळेच आहे. ते म्हणजे ग्रामनिबंधकाचे. शेतकऱ्याने लिहून द्यावयाचा पैशाचा वा जमिनीवरील बोजाचा दस्त ग्रामनिबंधकाने स्वतः लिहावा किंवा आपल्या देखरेखीखाली लिहवून घ्यावा, तरच तो पुराव्यात घेतला जाई. निबंधकाने पक्षकारांची ओळख पटवावी, मोबदला काय व किती याचा दस्तात पूर्ण उल्लेख करावा, जुन्या रोख्याच्या पोटी नवा होत असेल तर त्याचीही नोंद व्हावी, दस्त मोठ्याने वाचून दाखवावा, आणि मगच साक्षीदारांदेखत निशाणी व्हावी, असा तो क्रम होता. शिवाय फेडलेल्या पैशाची पावती, वार्षिक हिशेबाचा उतारा व खातेपुस्तिका मागण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळाला.

विचार केला असता असे दिसेल की, १८७५ साली जे अग्नीने साधले नाही ते १८७९ साली वाचनाने साधू पाहिले. सही होऊन गेल्यावर कागदाशी भांडणे कठीण. सही होण्यापूर्वी त्याला प्रश्न विचारणे सोपे. सारा कायदा या एका सूत्रावर उभा होता.

तो निर्दोष मात्र नव्हता. गहाणखत तपासले जाते असे पाहून कित्येक सावकार गहाणाऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घेऊ लागले. 'पैसे दिलेस की जमीन परत' हे वचन तोंडी राहिले, आणि तोंडी वचन निबंधकाच्या दप्तरात नव्हते. कायद्याने वाचून दाखविलेला कागद शेतकऱ्याने ऐकला. पण कागदाबाहेर जे बोलले गेले त्यावर विश्वास ठेवून तो पुन्हा फसला. महात्मा फुले यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात अविद्येने शेतकरी कसा नाडला जातो ते मांडले, त्याचे कारण हेच. दुसऱ्याने वाचून दाखविणे ही सोय आहे. स्वतः वाचता येणे हे संरक्षण आहे.

आजचे कागद

दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आता अस्तित्वात नाही. आपल्या मुलामुलींना लिहिता-वाचता येते. परंतु धोका संपला असे समजणे भाबडेपणाचे होईल. आज शिरूर तालुक्यात रांजणगाव येथे व दौंड तालुक्यात कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती आहेत, जमिनीला किंमत आली आहे, आणि किंमत आली की कागद घेऊन येणारी माणसेही येतात. विसारपावती, साठेखत, कुलमुखत्यारपत्र, विकसन करारनामा, वाहनाच्या कर्जाचा करार, जामीनपत्र, असे अनेक प्रकारचे दस्त घरोघरी होतात. निशाणीच्या नांगराची जागा आता सफाईदार सहीने घेतली आहे. पण न वाचता केलेली सफाईदार सही आणि न समजता काढलेला नांगर, या दोहोंत कायद्याच्या दृष्टीने काहीच भेद नाही.

एका गैरसमजाचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. 'दस्त दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदला, तेव्हा सरकारने तो तपासला,' असे पुष्कळजण मानतात. नोंदणीचा १९०८ चा कायदा तसे म्हणत नाही. निबंधक आपली ओळख पाहतो, छायाचित्र व बोटांचे ठसे घेतले जातात, आणि दस्त आपण लिहून दिला हे कबूल आहे काय, असे विचारले जाते. आपण 'होय' म्हटले की त्याचे काम संपले. त्यातील अटी आपल्या हिताच्या आहेत की नाहीत हे पाहणे त्याचे काम नव्हे. १८७९ चा ग्रामनिबंधक ज्या हेतूने वाचून दाखवीत असे, तो हेतू आता आपण स्वतःच पुरा केला पाहिजे.

दुसरा गैरसमज जमीन 'परत मिळण्याच्या' वचनाविषयी आहे. सशर्त विक्रीने गहाण टाकण्याची रीत कायद्याला मान्य आहे. परंतु मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यात १९२९ साली झालेल्या दुरुस्तीने असे ठरले की, परतीची अट त्याच खरेदीदस्तात लिहिलेली असेल तरच तो व्यवहार गहाण मानला जाईल. वेगळ्या कागदावर लिहिलेली वा तोंडी दिलेली अट त्यासाठी चालत नाही. ज्या तोंडी वचनाने एकोणिसाव्या शतकात जमिनी गेल्या, तेच वचन आजही घराघरांत दिले जाते. 'आपल्यातलेच आहेत, लिहून कशाला घ्यायचे?' असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना आमची नम्र विनंती अशी की, आपल्यातलेच असतील तर लिहून देण्यास त्यांची हरकत का असावी?

सावकारीविषयी बोलावयाचे तर महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ पासून अमलात आहे. परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे. कोऱ्या जागा सोडलेला दस्त लिहून घेण्यास सावकाराला मनाई आहे. बेकायदा सावकारीत गेलेल्या स्थावराबद्दल सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. पण हे उपाय सही झाल्यानंतरचे आहेत. आणि नंतरच्या उपायाला वेळ लागतो, खर्च लागतो व पुरावा लागतो.

सही करण्यापूर्वी

जुन्या कायद्यातील ग्रामनिबंधकाचे काम प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरी कसे करावे, याचे काही नियम आम्ही येथे मांडतो.

१. कागद घरी आणावा व निदान एक रात्र घरी ठेवावा. 'आत्ताच सही करा, नाही तर व्यवहार जाईल' असे जो म्हणतो त्याचा व्यवहार गेलेलाच बरा.

२. कागद मोठ्याने वाचावा व सर्वांनी ऐकावा. घरातील स्त्रियांना या वाचनास बसवावेच. वारसाहक्काने त्यांचाही भाग असतो आणि सही त्यांचीही मागितली जाते. ती सही मागावयाची आणि कागद मात्र दाखवावयाचा नाही, ही चाल आपल्या घरांतून गेली पाहिजे.

३. जो शब्द कळला नाही त्याखाली रेघ ओढावी आणि त्याचा अर्थ समजेपर्यंत सही थांबवावी. दस्त इंग्रजीत असेल तर त्याचा मराठी अर्थ आपल्या विश्वासाच्या माणसाकडून, समोरच्या पक्षाच्या माणसाकडून नव्हे, समजून घ्यावा.

४. रक्कम अंकी व अक्षरी पाहावी. जेवढी हाती पडली तेवढीच लिहिली आहे काय? व्याज कशावर, दरमहा की दरसाल, आणि हप्ता चुकल्यास काय, हे तिन्ही स्पष्ट असावे.

५. जुन्या व्यवहाराच्या पोटी नवा कागद होत असेल तर जुना कागद रद्द केल्याचा उल्लेख नव्यात असावा आणि जुना परत घ्यावा. चार रोख्यांनी २०० चे २,०३९ कसे झाले हे विसरू नये.

६. कोऱ्या कागदावर, कोऱ्या मुद्रांकावर वा कोऱ्या धनादेशावर कोणाही इसमासाठी सही करू नये, मग तो सोयरा असो की मित्र.

७. जमिनीच्या व्यवहारात सातबारा, आठ-अ, फेरफार व सूची क्रमांक दोन पाहावी. कुलमुखत्यारपत्रात विक्रीचा अधिकार दिला आहे काय, हे विशेष पाहावे. 'मोजणीसाठी हवे' म्हणून मागितलेल्या मुखत्यारपत्रात विक्रीचे वाक्य असू शकते.

८. सहीनंतर आपली प्रत व प्रत्येक भरण्याची पावती त्याच दिवशी घ्यावी आणि एका ठिकाणी जपून ठेवावी.

यांत पांडित्य काहीच नाही. १८७९ साली निरक्षर शेतकऱ्याच्या संरक्षणासाठी जे योजिले गेले, तेच साक्षर कुटुंबाने स्वतःसाठी करावयाचे, इतकेच. ज्यांना वकिलाचा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी १९८७ च्या कायद्याने तालुका विधी सेवा समित्या आहेत. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि मर्यादित उत्पन्नाचे लोक यांना तेथे विनामूल्य साहाय्य मिळू शकते. याची माहिती आपल्यापैकी फार थोड्यांना असते.

ज्ञातिसंघापुढे एक सूचना

शेवटी एक सूचना. आपला संघ विद्यार्थ्यांचे गुणगौरव करतो, वधूवर मेळावे भरवितो, ही कामे चांगलीच आहेत. त्यांच्या जोडीला संघाने ज्ञातीतील वकील, निवृत्त शिक्षक, बँकेतील व महसूल खात्यातील जाणकार यांचे एक लहानसे मंडळ नेमावे, आणि महिन्यातून एक दिवस ज्ञातिबांधवांचे दस्त वाचून, समजावून देण्याची व्यवस्था करावी. मंडळाने कोणाला 'सही कर' किंवा 'करू नकोस' असे सांगू नये. कागदात काय आहे एवढे मात्र स्वच्छ सांगावे. निर्णय ज्याचा त्याचा. करडे गावच्या लोकांनी संकट दारात आल्यावर एकी केली. ती एकी आपण संकटापूर्वी केली तर तिचे रूप बहिष्काराचे न राहता वाचनाचे होईल.

गरज माणसाला घाई करावयास लावते, हे आम्ही जाणतो. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, विहिरीचे खोदकाम, आजारपण यांपुढे अटी वाचण्याचे भान राहत नाही. म्हणूनच ते काम एकट्या गरजवंतावर सोडू नये. त्याच्या शेजारी बसून कागद वाचणारा दुसरा कोणी तरी असावा. भीमा-घोडेच्या काठच्या आपल्या पूर्वजांना असा माणूस मिळाला नाही, आणि त्यांनी अखेर हातात पेटता पलिता घेतला. आपल्या पिढीला तो माणूस होता येणे शक्य आहे. ज्ञातिबंधुत्वाचा याहून सोपा आणि याहून उपयोगी अर्थ आम्हांस तरी दुसरा दिसत नाही.